मखमलीचे उलटसुलट थर

मखमलीची लव एकाच दिशेला ठेवून थर लावायचे असतात, हे कटिंगच्या टेबलावर पहिल्याच दिवशी शिकवतात. उलटसुलट लावले की कापड वाचतं, पण शिवलेल्या कोटाची एक बाही काळपट नि दुसरी फिकट दिसते. आमच्या शिवणकारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी थर तसेच उलटसुलट लावायला सांगितले, मी मान खाली घालून कापले. दोनशे कोट परत आले तेव्हा मास्तर म्हणाले, "हिचाच आगाऊपणा!" चौदा वर्षं टेबलावर काढलेली मी धागे कापायला कोपऱ्यात जाऊन बसले.

मग रोज भांडले. भांडताना माझा आवाज चढायचा, बोलणं भरकटायचं, आणि मास्तर मालकीणबाईंना म्हणायचे, "बघा, असल्या डोक्याच्या बाईच्या हाती कापायचं मशीन द्यायचं?"

माझी मावशी भिक्खुणी आहे. तिच्यापुढे मी सगळं ओकले. ती म्हणाली, "राग सोड."

"म्हणजे तो मोकळा आणि मी शहाणी? असली शांती तुझी तुलाच लखलाभ, मावशी!"

"अगं, राग सोड म्हटलं. खरं बोलणं सोड असं कुठे म्हटलं? तो शिव्या वाढतो नि तू ताट पुढे करतेस. करू नकोस. रोज घटकाभर श्वासाकडे बघत बस."

बसले. पहिले पंधरा दिवस श्वासाऐवजी मास्तरांचा गळाच दिसायचा. पुढे पुढे राग यायचा, कोणी विचारलं नाही की आपला आपण निघून जायचा.

काल पुन्हा मखमल आली. माझ्या जागी आलेल्या बाईंना मास्तर म्हणाले, "लावा उलटसुलट." मी उठले आणि कापडावर तळहात ठेवला.

"मागच्या वेळी हे तुम्हीच सांगितलं होतंत, मास्तर. आजही सगळ्यांसमोर सांगा, मग त्या कापतील."

"हात काढ!"

"नाही काढणार."

ते मी ओरडायची वाट बघत होते. मी नुसती बघत राहिले. शेवटी तेच लालबुंद झाले.

"हो, मागच्या वेळीही मीच सांगितलं होतं! काय वाकडं करणार आहेस माझं?"

मालकीणबाई त्यांच्या मागे दारात उभ्या होत्या.

"परत बोला," त्या म्हणाल्या. मास्तर टेबलापासून बाजूला झाले.

मी त्या बाईंना म्हटलं, "ते टोक धरा," आणि लव एका दिशेला ठेवून थर लावायला घेतले. मला टेबलावर परत कोणी बोलावलं नव्हतं. आता मला इथून हलवून दाखवा म्हणावं.