चेहऱ्याचं माप

टेलरबाईंनी उभ्या आयुष्यात हजारो लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या चेहऱ्याचं माप घ्यायची वेळ सदुसष्टाव्या वर्षी आली. एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत टेप धरायची आणि आकडा गिऱ्हाइकांच्या वहीत, शेवटच्या पानावर लिहायचा. आठ महिन्यांत दीड इंच वाढ. एवढी माया त्या शिवणीतसुद्धा ठेवत नसत.

करणी सगळी गोळ्यांची. मागच्या वर्षी एका सकाळी त्यांचे खांदे आणि कंबर अशी आखडली की हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका असं चिठ्ठीची अख्खी ओळ खाणारं नाव लिहिलं आणि स्टेरॉइड सुरू केलं. चार दिवसांत दुखणं बरंचसं पळालं, पण जाताना भावंडं ठेवून गेलं. पोटात सदा कावळे, डोळ्याला डोळा नाही, सुई ओवताना थरथरणारे हात, नाकाच्या शेंड्यावर राग आणि भोपळ्यासारखा गोल चेहरा. गिऱ्हाइकं म्हणायची, "तब्येत मानवली हो तुम्हाला!"

सकाळी मात्र अंग अजूनही हट्ट करायचं. कुशीवर वळायचं, पलंगाची कड धरायची, पाय खाली सोडायचे, उशाची गोळी घ्यायची आणि अंग मोकळं व्हायची वाट बघत बसायचं. केस विंचरायला त्यांनी कंगवा लाकडी पट्टीला बांधला होता. हे सगळं त्या एकट्या निभावत होत्या, आणि एकटीनं निभावते म्हणून सांगायलाही कुणी नव्हतं. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की त्या कपडे चढवायच्या बिनडोक्याच्या पुतळ्याशी भांडत. तो बिचारा उलट बोलत नसे.

दूरच्या शहरातल्या मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. व्हिडिओ कॉल आला की बाई फोन शिलाई मशीनकडे वळवत.

"आई, चेहरा तरी दाखव."

"चेहरा काय बघायचाय? काम बघ."

कारण सरळ होतं. त्यानं एकदा बजावलं होतं, "तुला जरा काही झालं, की मी तुला इकडे घेऊन येणार. मग तुझं ऐकणार नाही." तिकडे म्हणजे सातव्या मजल्यावरची खोली. ना मशीन, ना गिऱ्हाईक, नुसतं बसून खाणं. बाईंना त्यापेक्षा दुखणं परवडत होतं. आणि आता त्याचा फोन आला, "पुढच्या रविवारी येतोय. महत्त्वाचं बोलायचंय." न्यायलाच येतोय, बाईंनी ताडलं.

चेहरा उतरवायला हातात दहा दिवस होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "महिन्याला एक मिलिग्रॅम कमी, तेही मला विचारून. एकदम बंद केलंत तर अंगाशी येईल." पण बाईंचा जन्म ऐनवेळच्या फिटिंगमध्ये गेलेला. उद्या घालायचा कपडा आज आत घेऊन द्यायचा, हीच त्यांची ख्याती. गोळीलाही त्यांनी तोच न्याय लावला. धागे कापायच्या कातरीनं आधी अर्धी केली, मग पाव, आणि शेवटचे चार दिवस काहीच नाही. अंग दुखायला लागलं होतं, मळमळत होतं, पण टेपवरचा आकडा पाव इंचानं उतरला. बाई खूश.

रविवारी सकाळी जाग आली ती बेलनं. उठायला गेल्या तर मानेखाली काही हलेना. फोन सहा पावलांवर, मशीनवर वाजत होता.

"आई! घरात आहेस का?"

गप्प राहिलं तर तो निघून जाईल, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग तो खरंच जाईल याची भीती वाटली.

"अरे, मला उठता येत नाही!"

हे वाक्य त्यांनी आजवर कुणालाही म्हटलं नव्हतं.

दाराचं लॅच आतून लागलेलं. मुलानं किल्लीवाल्याला फोन केला आणि दाराला टेकून खाली बसला. "अर्ध्या तासात येतोय तो. तू बोलत राहा."

बाई बोलल्या. खांदे, गोळ्या, कातर, सगळं सांगून टाकलं. मधे दार होतं म्हणून बोलणं सोपं गेलं. शेवटी म्हणाल्या, "तू मला न्यायला आलायस, माहितीये मला. पण मी येणार नाही."



"न्यायला नाही आलो गं," तो म्हणाला. "ऑफिस मला परदेशात पाठवतंय. तीन वर्षं. तिथे तुला नेता येणार नाही. फोनवर कसं सांगू, म्हणून आलो."

सुंठीवाचून खोकला गेला म्हणून हसायचं, एवढंच बाकी होतं. पण बाईंना रडू आलं. ज्या हातातून सुटायला त्या आठ महिने धडपडत होत्या, तो हात पुढे आलाच नव्हता. डोळे पुसायला हात उचलेना, पाणी ओघळून कानात गेलं.

"आई? मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

"काही नको. जा तू," बाई म्हणाल्या. "पण आज मला डॉक्टरांकडे घेऊन चल. एकटीला धीर होत नाही."

तेवढ्यात किल्लीवाला आला आणि दार उघडलं. मुलगा आत आला आणि पलंगाजवळ येऊन बघतच राहिला. बाईंना तोंड भिंतीकडे फिरवता आलं असतं. त्यांनी ते त्याच्याकडेच ठेवलं.

"ये," त्या म्हणाल्या, "आधी मला बसती कर."