आलं म्हना

आमच्या भागात टीव्हीच्या डिशला छत्री म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला. पाऊस आला की लोक छत्री उघडतात, आणि आमची छत्री नेमकी तेव्हाच कामातून जाते. बरं, पाऊस अंगावर यावा लागतो असंही नाही. छत्रीचं तोंड गेवराईकडं आहे. तिकडं नुसतं काळं आभाळ दाटलं तरी इकडं शेवगावात, आमच्या वस्तीवर लख्ख ऊन असताना, पडद्यावर चौकोन चौकोन दिसायला लागतात, बोलणारा माणूस अर्ध्या शब्दावर अडकतो आणि मग निळा पडदा येतो. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की सिग्नल नाही. बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, "ताई, सिग्नल वरून येतो. मधे दाट आभाळ आलं की अडतो. काही करू नका, आभाळ सरकलं की आपोआप येईल." काही करू नका, हे सांगायला त्याच्या बापाचं काय जातंय. त्याच्या घरात आबा नाहीत.

आबा म्हणजे माझे सासरे, रंभाजी. दोन-तीन वर्षांपासून त्यांना आठवेनासं झालंय, ऐकूही कमी येतं. आधी नावं गेली, मग वार गेले, आता कधी कधी स्वतःच्या घरात बसून ते "चला, घरी जाऊ" म्हणतात. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की फारसा उपाय नाही, रोजचा दिवस सारखा जाऊ द्या. आमचा दिवस टीव्हीमुळे सारखा जातो. सकाळी कीर्तन, दुपारी बातम्या, संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका. पडद्यावर माणसं बोलत असली की आबा खाटेवर निवांत बसतात, चहा दिला तर चहा घेतात, ताट दिलं तर जेवतात. पडदा निळा झाला की उठतात. एकदा असेच उठून गेले ते गेवराई रोडला उसाच्या ट्रॅक्टरमागं चालताना सापडले. आणि रस्त्याला लागले नाहीत तर जिना चढून स्लॅबवर जातात, छत्री फिरवायला.

त्याला कारण आहे. वस्तीवरचा पहिला टीव्ही आबांनी आणला होता. तेव्हा कौलांवर उंच बांबू बांधून त्याला अँटेना लावलेला असायचा. रविवारी संध्याकाळी निम्मी वस्ती अंगणात बसायची, आबा वर बांबू फिरवायचे आणि दारातून माझ्या सासूबाई, भागिरथी, सांगायच्या, "मुंग्या आल्या. जरा पैठणकडं घ्या. गेलं. आलं, आलं." त्या अँटेनाला एक खोड होती. माणसानं हात लावला की चित्र यायचं आणि सोडला की जायचं. मग आबा सिनेमा संपेपर्यंत वर धरून उभे. घरच्या टीव्हीवरचे कितीतरी सिनेमे त्यांनी पाहिलेच नाहीत, नुसते ऐकले, असं सासूबाई अजून हसत सांगतात.

यंदा परतीचा पाऊस लांबला. रोज दुपार कलली की गेवराईकडं आभाळ भरायचं आणि रोज आबा जिना चढायचे. जिन्याला दार नाही, स्लॅबला कठडा नाही. मी चिडून म्हटलं की जिन्याला जाळीचं दार बसवू आणि कुलूप घालू. सासूबाई म्हणाल्या, "माणूस हाय तो. ढोरावानी कोंडायचा का?" वस्तीवर केबल येत नाही आणि इंटरनेटची तार ओढणारा माणूस येतो येतो म्हणत अजून यायचाय. म्हणजे आमच्या घराची शांतता आभाळाच्या हातात.

वर गेले की आबा दोन्ही हातांनी छत्री धरायचे आणि खाली तोंड करून विचारायचे, "आलं का?" "नाही आलं" म्हटलं की अजून फिरवायचे. पाऊस सुरू झाला तरी खाली यायचे नाहीत. एके दिवशी विजा व्हायला लागल्या आणि सासूबाईंच्या तोंडून भीतीपोटी निघून गेलं, "आलं, आलं." आबा लगेच हात पुसत खाली आले आणि निळ्या पडद्यासमोर शहाण्यासारखे बसून राहिले.

माझा नवरा प्रशांत टेम्पो चालवतो. संध्याकाळी त्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. "मंग सोपं हाय की. निसतं आलं म्हना. काय जातंय आपलं?"

आम्ही आलं म्हणायला लागलो. शेजारची साळूबाईसुद्धा कापूस वेचून येता येता आमच्या स्लॅबकडं बघून ओरडायची, "आबा, आलं बरं का, लई झ्याक दिसतंय." आम्ही हसायचो. हसू नये असं त्यात काही वाटलं नाही. छत्री हलल्यामुळे आभाळ गेल्यावरही चित्र यायचं नाही, मग प्रशांत बसवणाऱ्या माणसाला मोबाईलवर विचारत विचारत ती पुन्हा जागेवर आणायचा. तेवढा त्रास चालून गेला. आबा खाली येत होते, रस्त्याला लागत नव्हते. मला इतकं हलकं वाटायचं की मी शिलाईचं मशीन काढून निवांत ब्लाऊज शिवायला बसायचे.

हळूहळू आबा निळ्या पडद्यासमोर बसून चष्मा पुसायला लागले. पुसायचे, घालायचे, पुन्हा पुसायचे. मग विचारायचे, "काय म्हनला गं तो?" सासूबाई तांदूळ निवडता निवडता सांगून टाकायच्या, "पाऊस हाय म्हनतो अजून." मालिकेची वेळ असली तर त्या अख्खी मालिका मनानं सांगायच्या. थोरली सून माहेरी गेली, धाकटीनं दागिने चोरले. आबा मान डोलवायचे. मला कौतुक वाटायचं दोघांचं. आबांना जेवण कमी जात होतं, ते आम्ही हवेवर ढकललं.

परवा प्रशांत टेम्पो घेऊन श्रीरामपूरला गेला होता. दुपारी आभाळ आलं ते रोजच्यासारखं नव्हतं. गेवराईची बाजू पार काळी झाली होती आणि वारं असं सुटलं की पत्र्यावर वाळत घातलेल्या शेंगा अंगणभर झाल्या. मी त्या गोळा करायला धावले. परत येईपर्यंत पडदा निळा आणि खाट रिकामी.

"आलं का?" वरून आवाज आला.

"आलं, आबा. या खाली," मी म्हटलं. सासूबाईंनीही दारातून सांगितलं. साळूबाईनं तिच्या पडवीतून सांगितलं. आबा खाली आले नाहीत. पाऊस जोरात सुरू झाला. वीज चमकली आणि मागोमाग कडाडली, मधे श्वास घ्यायलाही वेळ नाही. गेल्या वर्षी पलीकडच्या शेतात लिंबाखाली बांधलेली गाय विजेनं गेली होती, ती माझ्या डोळ्यांपुढं आली. स्लॅबवर, त्या सगळ्या माळात सर्वांत उंच, लोखंडी दांड्याला धरून माझा सासरा उभा होता. मी घाबरले, आणि मला रागही आला, आभाळाचा, छत्रीचा, त्यांचाही. तशीच जिना चढले.

आबा चिंब झाले होते. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. छत्री त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

"आबा, सोडा ते. खाली चला, आलंय म्हटलं ना?"

"आलंय ना? मंग हात लावू नको," ते म्हणाले. "मी सोडली की जातंय."

"नाही जात. चला."

"जातंय. रोज तुमी आलं म्हनता, मी खाली येतो, तर मला काय दिसत न्हाई. आधी वाटलं, मी सोडली म्हनून जातंय. पर तुमाला समद्यांना दिसतंय. भागिरथी समदं सांगती, कोन काय बोललं ते. म्हंजी मलाच दिसंना झालंय." हे सगळं ते अगदी शांतपणे म्हणाले. किती दिवसांत त्यांचं इतकं लांब, इतकं सरळ बोलणं मी ऐकलं नव्हतं. "डोस्कं गेलं माझं, मला ठावं हाय. आता डोळं बी गेलं. मला बघून काय करायचंय? मी धरतो. तुमी बघा."

आम्ही त्यांना खाली उतरवत होतो असं आम्हाला वाटत होतं. आम्ही रोज त्यांना समजावून सांगत होतो की जगाला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही.

"आबा, कुणालाच दिसत नाही," मी पावसात ओरडून म्हटलं. "आम्ही खोटं बोलत होतो. पावसानं जातं ते, सगळ्या वस्तीचं जातं. तुमचे डोळे चांगले आहेत."

त्यांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं. "तू गुनाची हायेस, अश्विनी. मला बरं वाटावं म्हनून म्हनतीस."

माझं नाव त्यांना आठवलं होतं, आणि नेमकं तेव्हाच मला ते ऐकवत नव्हतं. मी त्यांचा दंड धरून ओढलं. ते हलले नाहीत. पुन्हा वीज झाली. मागं पाहते तर सासूबाई जिना चढून आलेल्या, गुडघे धरून, पदर डोक्याला चिकटलेला. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सरळ आबांजवळ गेल्या आणि छत्रीचा काठ धरला.

"तुमी लई येळ धरली," त्या म्हणाल्या. "आता मी धरते. तुमी खाली जाऊन बघा."

"तुझं गुडघं दुखत्याल."

"दुखू द्या. जावा तुमी."

आबांनी जरा विचार केला आणि हात सोडले. मी त्यांना धरून जिन्यानं उतरवलं, घरात नेलं, खाटेवर बसवलं आणि सासूबाईंना आणायला पळाले. मी अर्ध्या जिन्यावर असताना आतून आबांचा आवाज आला, "आलं गं, आलं. ये आता खाली."

सासूबाईंनी छत्री सोडली आणि तिथंच तोंडाला पदर लावला. मी त्यांना कसंबसं खाली आणलं.

पडदा निळाच होता. आबा त्याच्यासमोर, ओल्या कपड्यांनी, हात मांडीवर ठेवून बसले होते. मी टॉवेल आणायला आत गेले. सासूबाई त्यांच्या शेजारी बसल्या. मला कळलं की त्यांनी आता खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलंय, कारण त्यांनी एकदम घसा साफ केला.

"आवो," त्या म्हणाल्या, "मला हितं काय बी दिसत न्हाई बघा. निसतं निळं दिसतंय."

मी टॉवेल घेऊन दारापर्यंत आले होते. आबांनी पडद्याकडं पाहिलं, मग सासूबाईंकडं. त्यांच्या चेहऱ्यावर तोवर मी वैताग पाहिला होता, हरवलेपण पाहिलं होतं. भीती तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि ती त्यांच्या स्वतःसाठी नव्हती.

"तुला बी?" ते म्हणाले.

आबांनी त्यांचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि आवाज खाली आणला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची कुजबुज ती, दारापर्यंत स्वच्छ ऐकू आली.

"पोरांना कळू देऊ नको. एवढं काय अवघड न्हाई. समोर बघत बसायचं, आन मधून मधून इचारायचं, काय म्हनला म्हनून. सांगत्यात ती."

सासूबाईंनी मान हलवली. गेवराईकडचं आभाळ अजून सरकलं नव्हतं. मी टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले, मला आत जाववेना.