जिंकणाऱ्याचा चषक, हरणाऱ्याची गाडी

मित्रांनो, मी चषक आहे आणि जुना आहे, एवढ्या दोन गोष्टी मी छातीठोकपणे सांगू शकतो. पुढचं मला जसं उमगलं तसं सांगतो. जे उमगलं नाही ते तुम्ही सोडवा.

इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आत पितळ, वर चांदीचा मुलामा. मला घडवलं होतं डेलियाच्या फुलांच्या स्पर्धेसाठी, म्हणून माझ्या झाकणावर एक टपोरा डेलिया उमललेला होता. काही वर्षं मी गुडघ्यांना माती लागलेल्या शांत माणसांच्या हातांतून फिरलो. मग ती स्पर्धा बंद पडली आणि कुस्तीचे खेळ भरवणाऱ्या एका ठेकेदारानं मला जुन्या सामानाच्या दुकानातून उचललं. त्यानं डेलियावर दोन पितळी पैलवान बसवले. पाकळ्या मात्र निघाल्या नाहीत. त्यामुळे आजही माझ्या डोक्यावर दोन धिप्पाड माणसं फुलात उभी राहून एकमेकांची मान आवळत असतात. बघणाऱ्यांना वाटतं, यात काही खोल अर्थ असावा. बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं.

हिवाळ्यात लँकेशायर परगण्यात कोण पोहायला जाणार? म्हणून गावोगावच्या पोहण्याच्या तलावांवर फळ्या टाकायचे आणि त्यावर कुस्तीचा चौक उभा करायचे. सोमवारी बोल्टनला विल्फ हॅलिवेल नावाच्या देखण्या पैलवानानं मला जिंकलं. त्यानं माझा मुका घेतला, लोकांनी टोप्या उडवल्या. मला वाटलं, चला, घर मिळालं! मंगळवारी रॉचडेलला त्यानं मला पुन्हा जिंकलं. बुधवारी बर्नलीला पुन्हा. जे आपलंच आहे ते माणूस रोज नव्यानं कशाला जिंकतो? आणि प्रत्येक गाव असं रडत, ओरडत, नाचत होतं, जणू मी पहिल्यांदाच कुणाला मिळतोय.

विल्फकडून रोज हरायचा तो बॅरन, म्हणजे खेळातला उमराव. खांद्यांवर काळी मखमली झूल, एका डोळ्यावर गोल काच आणि नजरेत जगाबद्दल तुच्छता. खरं नाव सिरिल ऑगडन. दिवसा तो ऑल्डममधल्या एका बेकरीत पीठ मळायचा आणि ती झूल त्याच्या बायकोनं बैठकीच्या खोलीतल्या पडद्याची शिवली होती. बॅरन आला की गोड चेहऱ्याच्या म्हाताऱ्या टोपीची टाचणी काढून त्याच्या मांडीत खुपसायच्या आणि मग पर्समधून पेपरमिंट काढून शांतपणे चघळत बसायच्या.

या धंद्यात एक नियम फार कडक होता. खेळातला सज्जन आणि खेळातला दुर्जन बाहेर कधीही एकत्र दिसता कामा नयेत. विल्फ आगगाडीच्या पुढच्या डब्यात बसायचा. रोज जिंकलेला चषक तो दुसऱ्या गावी काखोटीला मारून निघाला असता, तर लोकांनी प्रश्न विचारले असते. म्हणून मला बॅरनच्या मोटारीत ठेवायचे. तिच्या जवळ कुणी फिरकत नसे. फिरकलंच तर चाकातली हवा सोडायला. सिरिल रुमालानं माझ्यावरचे विल्फच्या बोटांचे ठसे पुसायचा, मला झुलीत गुंडाळायचा आणि मागच्या बाकावर निजवायचा. म्हणजे मिरवायचा एक आणि सांभाळायचा दुसरा. मी कुणाचा, हे तेव्हापासून मला कळेनासं झालं.

कपडे बदलायच्या खोलीत तर आणखीच गोंधळ.

"पाचव्या फेरीत उचलून आपटतो," विल्फ म्हणायचा.

"हळू आपट, लेका. पाठीत उसण भरलीय," सिरिल म्हणायचा.

म्हणजे सगळं आधी ठरलेलं! पण मग बरगडी मोडायची ती खरीच मोडायची. रक्त खरं, सूज खरी. खोट्या कुस्तीत इतकं खरं सामान का लागतं, हे कोडं मला सुटलं नाही.

मग मोरकॅम गावचा खेळ आला. ठेकेदार धंदा बंद करणार होता. तो म्हणाला, "सिरिल, इतकी वर्षं निमूटपणे पडलास. आज शेवटचा खेळ. आज तू जिंक आणि हा चषक कायमचा घरी ने."

सिरिल केस कापून आला. त्याची बायको पहिल्यांदाच कुस्ती बघायला आली होती. विल्फ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आज असा हरतो बघ, की लोक हमसून रडतील."

तिसऱ्या फेरीत विल्फचा खांदा निखळला. खरोखर निखळला. हात नुसता लोंबत होता आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. सिरिलनं बोट लावलं असतं तरी तो चीतपट झाला असता, आणि ठरलंही तेच होतं. पण पहिल्या रांगेत विल्फची चिमुरडी ग्लेंडा खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, "बाबा, ऊठ! बाबा, ऊठ!"

सिरिलनं तिच्याकडे पाहिलं. मग धावत येऊन त्यानं पाय अडखळल्याचं सोंग केलं, पडता पडता विल्फला आपल्या छातीवर ओढलं आणि स्वतःचेच खांदे जमिनीला टेकवून सुटायची भयंकर धडपड करू लागला. पंच भांबावला, पण त्यानं मोजलं. विल्फ जिंकला! बॅरन उठून पंचाच्या अंगावर धावला. लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

"काय नालायक माणूस!" सिरिलच्या बायकोच्या मागची बाई म्हणाली. "घरी कसा वागत असेल?"

"घरीही असाच," बायको म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

मला घेऊन सिरिल नेहमीच्या वाटेनं मोटारीकडे गेला नाही. त्यानं मला रुग्णवाहिकेत विल्फच्या पायाशी ठेवलं. "ठेव तुझ्याकडे. माझ्या गाडीत जागा नाही," तो म्हणाला. त्याची गाडी रिकामी होती.

मित्रांनो, त्या कुस्तीचा निकाल ठरल्याप्रमाणे लागला नव्हता. मग ती खरी म्हणायची की सगळ्यांत खोटी?

पुढे मी ग्लेंडाच्या घरी भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवर राहिलो. विल्फ त्या दिवसाबद्दल कधी बोलला नाही, आणि एक दिवस तो गेला. ग्लेंडाचे केस पिकले. मग गावच्या वाचनालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं ठरलं आणि टॅलबट नावाचे गृहस्थ माझा इतिहास शोधत आले.

"राग मानू नका, बाई," ते म्हणाले, "पण हे सगळं आधीच ठरलेलं असायचं. मी चिठ्ठीवर 'खेळातली दिखाऊ वस्तू' असं लिहिणार आहे."

"माझ्या बाबांना मरेपर्यंत कोटाची बाही नीट घालता आली नाही!"

"खांदा खरा असेल हो. विजय खरा नव्हता."

बाप आयुष्यभर आपल्याशी नाटक करत होता की काय, एवढीच शंका ग्लेंडाला खाऊ लागली. दुसऱ्याच दिवशी तिनं मला बाजाराच्या पिशवीत घातलं, टॅलबटसाहेबांना सोबत घेतलं आणि ती वृद्धाश्रमात सिरिलसमोर जाऊन उभी राहिली.

तो काडीसारखा झाला होता. गुडघ्यांवर पांघरूण, हातात चहा.

"मिस्टर ऑगडन, मी विल्फ हॅलिवेलची मुलगी. मोरकॅमला बाबांनी तुम्हाला खरंच पाडलं होतं का? काय असेल ते सांगा. मी सोसेन."

मीही कान टवकारले. आता एकदाचा उलगडा होणार!

सिरिलनं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग कप खाली ठेवला आणि सगळं दालन दणाणेल अशा आवाजात गरजला, "खरंच? अगं, त्या लबाडानं पाय ओढला माझा! पंच आंधळा होता! मी बॅरन आहे, बॅरन! मला कुणाच्या बापानं पाडलं नसतं. तुझ्या बापानं पाडलं, आणि ते मी मेलो तरी विसरणार नाही!"

"गप रे रडतोंड्या!" कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी कडाडली. "हरलास ना? मग हरलास! मी होते तिथं!"

सगळ्या म्हाताऱ्यांनी हुर्यो केली. कुणीतरी उशी फेकून मारली. टॅलबटसाहेबांनी चिठ्ठीवरचं मुकाट्यानं खोडलं.

ग्लेंडा हसत होती आणि रडतही होती. "एकदा हातात धरा ना, फोटो काढते," ती म्हणाली.

"हरलेल्यानं हात लावायचा नसतो," असं म्हणत सिरिलनं दोन्ही हात पांघरुणाखाली घातले.

चष्मा शोधायला तिनं मला क्षणभर त्याच्या मांडीवर टेकवलं. मी कलू लागलो. तेव्हा पांघरुणाच्या आतून दोन अंगठ्यांनी मला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं. वरून कुणालाच दिसलं नाही.

मित्रांनो, मी आता वाचनालयात काचेआड असतो. खाली लिहिलंय, 'विल्फ हॅलिवेल यांनी मोरकॅम येथे जिंकलेला.' हे खरं की खोटं, मला अजून सांगता येत नाही. तुम्ही या, पण मला हात लावू नका, मुलामा पार विरलाय. आणि विल्फसाठी टाळ्या वाजवून झाल्या की थोडी हुर्यो पण करा. अगदी जोरात करा. बॅरनला तेवढंच हवं असायचं.