बिनघोड्याचं पिस्तूल

चोरखमारा गावच्या भैय्यालालजवळ परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, आणि सासरच्या गोतावळ्यात त्याचा मान होता तो त्याच्यामुळेच. दसऱ्याला सगळे त्याच्याकडे जमत. पाटावर विळे-कुऱ्हाडींच्या मधोमध रिव्हॉल्व्हर, आणि पहिलं कुंकू त्याच्या मागच्या, अंगठ्याने ओढायच्या घोड्याला.

यंदा धाकटा साडू गोवर्धन, गोंदियाचा धानाचा व्यापारी, नवं पिस्तूल घेऊन आला आणि सरळ मधोमध ठेवून मोकळा झाला.

रिकामं आहे याची खात्री करून भैय्यालालने ते भिंतीकडे धरलं, चाप ओढला. पिकलं बोर देठातून सुटावं तसा सुटला. स्वतःच्या रिव्हॉल्व्हरचा चाप दोन बोटांनी ओढावा लागे. आजवर तो त्याला रुबाब समजत आला होता.

चाप हलका असेल, पण साफ करायला बसलं की पुर्जे हरवतील, असं त्याने सुनावलं. रिव्हॉल्व्हरला काय, चक्र उघडा, नळीतून चिंधी फिरवा, झालं. गोवर्धनने पिस्तूल उघडलं, नळी-स्प्रिंग पाटावर मांडली आणि पान लावावं तितक्या सहज परत जोडलं. बाया कौतुकाने पाहत राहिल्या.

तेवढ्यात भैय्यालालची बायको पुष्पाबाई कुंकवाचं ताट घेऊन आली आणि पिस्तुलापाशी अडली.

"याचा घोडा कोठी आहे? कुंकू कोठी लावू?"

घोडा आत असतो, असं गोवर्धन म्हणाला.

"मंग बिनघोड्याचं कायले पूजतेस? बाजूला ठेव," भैय्यालाल म्हणाला. अंगणात हशा पिकला.

गोवर्धनही हसला. त्याने रिव्हॉल्व्हर उचललं, रिकामं आहे ना पाहिलं, घोडा ओढला. तो रडतखडत मागे आला. गोवर्धनने बोट नाकाशी नेलं.

"भाऊजी, जवसाचं तेल टाकून राहिले का? वाळून गोंद होते त्याचा. घासलेटनं धुवा, बंदुकीचं तेल टाका. माझ्यापेक्षा बढिया चालेल."

"जुना घोडा जडच राहते," भैय्यालाल म्हणाला.

पण पाहुणे गेल्यावर त्याने घासलेट काढलंच. चाप बोरासारखा सुटला. वर्षभर तो दार लोटून रिकामा चाप ओढून पाही आणि खूश होई. मग अक्कल कोणाची होती ते आठवे, आणि तोंड कडू होई.

पुढच्या वर्षी घट बसले त्याच दिवशी त्याने जवसाच्या तेलाची बाटली काढली. गोवर्धन येऊन घोडा ओढून पाहणारच होता; दसऱ्यापर्यंत तेल वाळायला हवं होतं.