कुलाब्याहून सुटणारी गाडी

अप्पांना परळच्या हॉस्पिटलात आणल्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. झटका आला काय आणि चाळीच्या गॅलरीतून अख्ख्या लालबागला हाका मारणारा माणूस गप्प झाला काय! डॉक्टर म्हणाले, ओळख उरलीय की नाही सांगता येत नाही, तुम्ही बोलत राहा. आता बोलत राहा म्हणजे काय बोला? वैभव बापाला क्रिकेटचा स्कोअर सांगायचा. त्याची मोठी बहीण अनुजा नुसती उशाशी बसून राहायची. तिला एकच हवं होतं. अप्पांनी तिला एकदा मालवणीत ‘चेडवा’, पोरी, म्हणून हाक मारावी. मग काही का होईना, असं ती मनाशी म्हणायची, आणि ते खोटं आहे हेही तिला ठाऊक होतं.

दुपारी जेवणं आटोपून वॉर्ड पेंगायला लागला, तेव्हा तिला ती गाडी आठवली. लोकांच्या घरी अंगाई असते, यांच्या घरी स्टेशनं होती. मिलमधून कितीही दमून आले तरी अप्पा तिला थोपटत एकेक स्टेशन घ्यायचे, आणि तिचा डोळा लागायचा.

ती त्यांच्या कानाशी वाकली. “चर्चगेट... मरीन लाइन्स...”

अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. चर्चगेट म्हटलं की मान पलीकडे.

“ताई, सोड ना यार,” वैभव म्हणाला. “त्रास होतोय त्यांना.”

“त्रास नाही रे. मी नकोय त्यांना.” अनुजा म्हणाली. वैभव चहा आणायला गेला.

अप्पांचा डावा हात चादरीवर चाळवत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूहळू फिरत होती, थांबत होती, पुन्हा फिरत होती. सिस्टर म्हणाल्या होत्या, कंप आहे, होतं असं. अनुजा बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली आणि मग स्वतःवरच चिडली. कंप कसला डोंबलाचा, अप्पा वात वर करत होते.

तिचे आजोबा कोकणातून आले ते कुलाबा स्टेशनावर दिवाबत्तीला लागले. कुलाब्याला स्टेशन होतं म्हटलं तर आजची पोरं खुळ्यात काढतील, पण होतं. चर्चगेटच्याही पुढे रूळ जायचे, पार समुद्रालगत. मग ते स्टेशन बंद झालं, रूळ उखडले गेले आणि आजोबा गिरणीत आले. अप्पांच्या जन्माआधीची गोष्ट. पण त्यांच्या बापाने त्यांना थोपटताना गाडी कुलाब्याहूनच सोडली, आणि त्यांनीही लेकीसाठी तिथूनच सोडली. आधी हवेतल्या हवेत कंदिलाची वात वर करायची. दिवा लागल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि ही शहाणी ती चर्चगेटहून सोडत होती.

तिने त्यांच्या बोटांना आपली बोटं लावली आणि वात वर केली.

“कुलाबा,” ती म्हणाली.

अप्पांनी मान वळवली.

पंखा कुरकुरत होता आणि त्याचा वारा खारट लागत होता. पलंग हलके हलके चालू लागला. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड. बेलासिस रोडचं पुढे बॉम्बे सेंट्रल झालं, पण अप्पांची गाडी दोन्हीकडे थांबायची, कुणालाच दुखवायचं नाही म्हणून. महालक्ष्मीला कुणीतरी डब्यात फुलं घेऊन चढलं. लोअर परळला गिरणीचा भोंगा झाला. त्यापुढचं स्टेशन तिने जुन्याच नावाने घेतलं, एल्फिस्टन. अप्पांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. तिला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायचंही सुचलं नाही.

“दादर.”

इथे अप्पा दरवेळी विचारायचे, उतरतंस की जातंस फुडे? ती म्हणायची, फुडे, आणि माहीम यायच्या आत झोपायची. आज विचारायची पाळी तिची होती. उतरतो म्हणा, उतरतो म्हणा, असा एकच धोशा तिच्या मनाने लावला होता.

“अप्पा, उतरतास की जातास फुडे?”

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना ती ओळखू येत होती, शंकाच नव्हती. ओठांची जुळवाजुळव करायला त्यांना फार वेळ लागला.

“तू उतर गो, चेडवा,” ते म्हणाले. “माका फुडे जावचा आसा.”

तिला हवी होती ती हाक मिळाली होती. तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात घट्ट धरला. अप्पा वाट बघत होते.

“माहीमपर्यंत येतंय,” ती शेवटी म्हणाली, आणि त्यांना थोपटत तिने माटुंगा रोड घेतलं.