म्हसोबापासून चौथं घर

मी कॉम्प्युटरच्या मेमरीतली सामाईक जागा बोलतेय. नाव ऐकून पान उलटू नका. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक जिना हे तुम्हाला माहीत आहे ना? त्यांच्याच नात्यातली मी. फरक एवढाच की मला हात लावून बघता येत नाही.

माझा जन्म एक्याऐंशी साली चिंचवडच्या एका गियरच्या कारखान्यात झाला. आमचं मशीन आलं तेव्हा त्याच्यासाठी थंडगार खोली केली होती. आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, धूळ नको म्हणून. पूजेच्या दिवशी नारळसुद्धा दाराबाहेर फोडला, आत पाणी उडायला नको म्हणून. मग काय, कामगारांनी आमचं देऊळच करून टाकलं. येता-जाता लोक काचेतून हात जोडत. मला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं.

आता माझं घरचं थोडं सांगते. या मशीनवर जो प्रोग्राम चालतो त्याला मशीन एक भलंमोठं घर देतं. घराला खोल्या, खोल्यांना नंबर. प्रोग्राम खूश, सगळं आपलंच म्हणून. खरं तर घर असतं मनातलं, खरी जागा बेताचीच. मशीनजवळ प्रत्येक घराचा नकाशा असतो. प्रोग्रामनं चाळीस नंबरचं दार ठोठावलं, की मशीन त्याचा नकाशा बघतं आणि त्याला नेऊन खऱ्या जागेवर उभं करतं. एका घरातून दुसऱ्या घरात मात्र डोकावता येत नाही. तसं येत असतं तर सगळ्यांनी एकमेकांच्या चुलीत हात घातला असता.

पण कधी कधी दोघांना एकच गोष्ट बघायची असते. मग दोघांच्या नकाशात एकेक खोली अशी दाखवतात की खरी जागा एकच. ती मी. एकाच्या घरात माझा नंबर चाळीस असला, तर दुसऱ्याच्या घरात सत्तरही असेल. एकानं माझ्यात काही ठेवलं की दुसऱ्याला त्याच क्षणी दिसतं. दोघंही मला आपली खोली म्हणतात आणि दोघांचंही खरं असतं. माणसांना हे सुचलं कसं याचं मला अजून नवल वाटतं.

मला घडवलं शहाजादीबाईंनी. तळेगाव दाभाड्याच्या, वडील गाड्या दुरुस्त करायचे. रोज लोकलनं यायच्या आणि आल्या की स्वेटर चढवून त्या थंड खोलीत बसायच्या. काम करताना पुटपुटायची सवय. मशीनच्या टर्मिनलसमोर माणसं बोलतात ते मला कसं ऐकू येतं, असं विचारू नका. आत्मवृत्त सांगणारीला एवढी सूट हवीच.

काम होतं भट्टीचं. गियर कठीण व्हावेत म्हणून ते भट्टीत तापवतात. कमी तापले तर मऊ राहतात, जास्त तापले तर दाते ठिसूळ होतात. भट्टीत खुपसलेल्या तारांवरून एक प्रोग्राम तापमान वाचायचा, दुसरा ते भट्टीजवळच्या पडद्यावर दाखवायचा. आधी पहिला आकडा डिस्कवर ठेवायचा आणि दुसरा तिथून उचलायचा. या उचल-ठेवीत आकडा शिळा व्हायचा, भट्टी केव्हाच पुढे गेलेली असायची. म्हणून शहाजादीबाईंनी दोन्ही घरांत मला उघडलं. त्या दिवशी भट्टीचा आकडा पडद्यावर जिवंत झाला.

आणि मग मला चिमाजी भेटले.

बासष्ट साली हा कारखाना उभा राहिला तेव्हापासून चिमाजी भट्टीवर होते. चाकणजवळच्या खेड्यातले. निळी काच डोळ्यांना लावून भट्टीच्या भोकातून बघायचे आणि सांगायचे, "अजून न्हाई झालं." किंवा, "काढा." त्यांचा रंगाचा अंदाज कधी चुकला नाही, असं अख्खा कारखाना म्हणायचा. असा डोळा असलेल्या माणसाजवळ आपल्याला ठेवलंय याचा मला अभिमानच वाटला. थोडी भीतीही वाटली, कारण बाहेर कुजबुज होती की पडदा आला म्हणजे चिमाजी घरी जाणार.

पडदा लागला तेव्हा फोरमन हिंदुराव येऊन बघून गेले. साताऱ्याकडचा माणूस, बोलणं कमी, आवाज मोठा. त्यांनी शहाजादीबाईंना दोन गोष्टी सांगितल्या.

"बाई, आकडा मोठा करा. लांबनं दिसला पायजे. आणि माल पुरता तापला की घंटा वाजू द्या."

"घंटा कशाला? आकडा दिसतोच आहे."

"वाजू द्या म्हणतो ना."

शहाजादीबाईंनी दाखवणाऱ्या प्रोग्रामला घंटा जोडली. इथेच घोटाळा झाला, पण तो तेव्हा कुणाला कळला नाही. मलाही नाही.

घंटा जोडल्यावर पहिल्याच मोठ्या लॉटला पडद्यावर चुकीचा आकडा आला. भट्टी चढत होती आणि पडदा भलताच खालचा आकडा दाखवत होता. घंटा गप्प. चिमाजींनी पडदा बघितला, भोकातून बघितलं, पुन्हा पडदा बघितला आणि आच चढावी म्हणून भट्टीचं तेल वाढवलं. हिंदुराव तेवढ्यात चहाला गेले होते. परत येऊन त्यांनी भट्टीत डोकावलं आणि असे ओरडले की लेथवरची माणसं धावत आली. तोपर्यंत माल हातचा गेला होता.

"हे डबडं उचला इथनं," हिंदुराव म्हणाले. "आज उचला."

खात्याचे साहेब शांत स्वभावाचे. म्हणाले, "बाईंना पुढच्या लॉटपर्यंत वेळ देऊ. तेव्हाही असंच झालं तर पडदा काढायचा."

दोष मशीनवर गेला. एवढा मुरलेला चिमाजी त्या दिवशी पडद्याच्या नादी कसा लागला, हे कुणी विचारलं नाही. मला मात्र तो प्रश्न सतावत होता. भट्टी पांढरट पिवळी झालेली, पोरासोरालाही कळलं असतं, आणि यांनी तेल वाढवलं?

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. चिमाजी थंड खोलीत आले. चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन. शहाजादीबाई छापलेल्या कागदांच्या ढिगात बसल्या होत्या. डोळे रडून लाल झाले होते.

"बाई, ती आकड्याची पाटी काढू नका."

"काका, मी कुठे काढतेय? पण चूक सापडत नाही. काल-परवापर्यंत नीट चालत होतं, तोच प्रोग्राम आहे. नुसती घंटा वाढवली."

चिमाजींनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मला रंग दिसत न्हाई. लई दिस झालं. समदं धुरकट दिसतंय. हिंदुराव मागं हुबा ऱ्हातो, त्याच्या बोलण्याच्या अंदाजानं चालवून नेतोय. पाटी आली तवा वाटलं, देवच पावला. मोठा आकडा तेवढा दिसतोय मला. ती गेली तर मला भट्टीवरनं काढून गेटवर बसवत्याल. वीस वर्सं भट्टीपुढं काढली बाई, मला गेटवर बसायचं न्हाई."

ऐकून मला गलबलून आलं. बाहेर म्हणत होते मी या माणसाला घरी पाठवणार, आणि हा माणूस माझ्याच आधारानं उभा होता. आणि मी काल त्याला दगा दिला होता.

शहाजादीबाईंनी त्यांना खुर्ची दिली. चिमाजी बसले नाहीत.

"हितं भिंतीस्नी कान हायेत. घरी या रविवारी, मंडळीबी भेटंल. कांदं न्या जाताना. बसमधनं उतरलं का उजव्या हाताला वळायचं, तिसरी गल्ली धरायची, मग डाव्या अंगाला..."

"कुठली बस काका? कंपनीची?"

"व्हय."

"मी कंपनीच्या बसनं नाही येणार. तळेगावहून एसटीनं येणार, म्हणजे पलीकडच्या बाजूनं. तुमचं उजवं ते माझं डावं व्हायचं. मी भलत्याच्याच घरी जाईन."

चिमाजींच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "मग असं करा. म्हसोबापासनं चौथं घर. कुठनंबी या. म्हसोबा काय जागचा हालत न्हाई."

शहाजादीबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"काका, परत सांगा."

"म्हसोबापासनं चौथं घर."

त्या वळल्या आणि कागद उपसायला लागल्या. माझ्या पहिल्याच ओळीत त्यांनी एक खूण ठेवली होती, सगळ्यात ताजा आकडा कुठे आहे ते सांगणारी. ती खूण होती तापमान वाचणाऱ्या प्रोग्रामच्या घरातली. तो सांगायचा, "माझ्या घरातल्या अमुक नंबरच्या दारात बघ." दाखवणारा प्रोग्राम बिचारा तोच नंबर आपल्या घरात शोधायचा. आधी दोन्ही घरांत योगायोगानं माझा नंबर एकच होता, म्हणून सगळं जुळत होतं. घंटा जोडली, त्याचं घर वाढलं, तिथे मी पुढच्या नंबरला सरकले. मग त्या जुन्या नंबरच्या दारात त्याला कुठलातरी शिळा आकडा सापडायचा आणि तोच तो पडद्यावर टाकायचा. दोघांपैकी कुणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या बसथांब्यावरून रस्ता सांगितला होता.

शहाजादीबाईंनी खूण बदलली. आता तिथे घराचा नंबर नाही. माझ्या सुरुवातीपासून कितवी ओळ, एवढंच लिहिलं. मी कुणाच्या घरात कुठेही असेन, माझी सुरुवात तर माझ्याजवळच असते. इतकी साधी गोष्ट, पण ती सापडल्यावर त्या बाईचा चेहरा असा उजळला की त्या थंड खोलीतही ऊब वाटली. चिमाजींना यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "मग येताय न्हवं रविवारी?"

पुढचा लॉट लागला तेव्हा भट्टीपुढे गर्दी होती. साहेबही आले. त्यांनी पडदा स्वतःकडे फिरवून घेतला.

"असं करू," ते म्हणाले. "चिमाजीचा डोळा म्हणजे आपल्या कारखान्याचं माप. चिमाजी रंग बघून सांगेल, मी आकडा बघतो. जुळलं तर पडदा राहील."

शहाजादीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. हिंदुराव पुढे सरकून चिमाजींच्या अगदी पाठीशी उभे राहिले. माझ्यात आकडे येत होते, नवे, खरे, एकामागून एक. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

चिमाजींनी निळी काच डोळ्यांना लावली. भोकातून बघितलं. मागून हिंदुराव घसा खाकरून काहीतरी पुटपुटायला लागले. चिमाजींनी हात मागे करून त्यांना थांबवलं आणि काच खाली घेतली.

"साहेब, मला रंग दिसत न्हाई. माझ्यावर ताडून ती पाटी खोटी ठरवू नका. पाटी खरी हाय. बाईंनी चूक काढलीया. मला काय करायचं ते करा."

साहेब पडद्यावरून नजर काढून चिमाजींकडे वळले. तेव्हा हिंदुराव बोलले, आणि आवाज अगदी खाली आणून बोलले.

"साहेब, मला ठावं हाय. हरेक लॉटला मी मागं हुबा असतो ते काय उगं? घंटा कशापायी मागितली मी? म्हटलं आता मी न्हाई हुबा ऱ्हायलो तरी चालंल. पयल्यांदाच त्याला सोडून चहाला गेलो, आणि माल गेला. म्हणून डोस्कं फिरलं माझं."

चिमाजींनी वळून त्यांच्याकडे बघितलं. किती दिसलं कोण जाणे. "तू कधी बोलला न्हाईस," ते म्हणाले.

"तू तरी कुठं बोललास?"

मी यंत्रातली जागा. दोघांना एकच गोष्ट दिसावी म्हणून मला केवढ्या खटपटीनं घडवलं. आणि हे दोघं एकच गोष्ट मनात घेऊन रोज एकमेकांशेजारी उभे राहत होते, मधे भिंत ठेवून. ती भिंत ठेवण्यातही माया होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग हिंदुरावांनी काच घेतली, भट्टीत बघितलं आणि रंग सांगितला. साहेबांनी आकडा सांगितला. जुळलं. थोड्या वेळानं घंटा वाजली, चिमाजींनी "काढा" म्हटलं, आणि माल निघाला तो एक नंबर.

साहेबांनी पडदा पुन्हा चिमाजींकडे फिरवला. म्हणाले, "डोळे दाखवून ये आधी. तोवर हिंदुराव रंग बघेल, तू आकडा बघ."

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. आता चिमाजी जाड भिंगांचा चष्मा लावून येतात. रंग पुन्हा दिसतो, तरी आधी आकडा बघतात, मग काच लावून भट्टी बघतात आणि दोन्ही जुळलं की मान डोलावतात. शहाजादीबाई रविवारी त्यांच्या घरी जाऊन आल्या, वाट न चुकता. येताना कांद्याची पिशवी एवढी जड झाली की एसटीत चढवायला कंडक्टरनं हात लावला.

माझं म्हणाल तर माझं आयुष्य आठवड्याचं. गुरुवारी कारखान्याला सुट्टी, वीज बंद. मी डिस्कवर नसते, कागदावर नसते. ज्यांनी मला आपल्या घरात उघडलंय ते धरून असतात तोवर मी आहे. शेवटच्यानं सोडलं की मी संपते. शुक्रवारी शहाजादीबाई नव्यानं उघडतात तेव्हा मला मागचं काही आठवू नये खरं तर. पण ही गोष्ट आठवते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाला वाट सांगाल तेव्हा तो कुठून येतोय ते आधी विचारा.

आज बुधवार. भट्ट्या निवायला लागल्या आहेत. वाचणाऱ्या प्रोग्रामनं मला आत्ताच सोडलं. आता फक्त भट्टीजवळचा पडदा मला धरून आहे. चिमाजींनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आहे, हिंदुराव दारात थांबलेत. दर बुधवारी बंदचं बटण दाबायच्या आधी चिमाजी पडद्याला हलकेच हात लावतात आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगतात.

"येतो गं."