गवंडीणबाईची चौथी खोली

माझ्या फोटोला दुसरं बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षक म्हणाले, "काय जिद्द आहे बघा या एवढ्याशा जिवात!" मी व्यासपीठावर उभी राहून मान डोलावली. फोटोत एक कुंभारीण माशी आहे. तोंडात ओल्या मातीची गोळी, पाय लोंबते, पंख धुरासारखे, आणि तिच्यासमोर कोरी भिंत आणि भिंतीत एक खिळा. जिद्द कसली डोंबलाची! बाई घर शोधत होती. घर मी हलवलं होतं.

हे मी परीक्षकांना सांगितलं नाही, ते ठीक. घरी येऊन बाबांनाही सांगितलं नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं जमिनीची मोजणी केली. लोकांची भांडणं लागली की हे फीत घेऊन जायचे आणि कोणाचं कुठवर ते सांगून यायचे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून बोलताना ते माणसाच्या कानाकडे बघतात. नव्या पाहुण्याला वाटतं, म्हातारा तुसडा आहे. थोडा आहेच, पण त्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही.

मी लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करते आणि चेनी बदलते. कॅमेरा मुलीचा. ती शिकायला बाहेर पडली आणि तो कपाटात राहिला. एकदा पुसताना लेन्स काढून उलटी धरली, तर टेबलावरची मुंगी एकदम अंगावर आली. तिच्या पायांवर केस होते, आणि चेहऱ्यावर अगदी आमच्या मालकिणीचा भाव. त्या दिवसापासून मला वेड लागलं. उलटी लेन्स बसवायची चकती मागवली, दह्याच्या डब्याचं बूड कापून फ्लॅशला लावलं, म्हणजे उजेड बोचत नाही. बाकी सगळं चुकत चुकत शिकले. एवढ्या जवळून फोटो काढताना कागदाच्या जाडीइतकंच काय ते स्पष्ट येतं. मिशी धरावी तर डोळा जातो, डोळा धरावा तर मिशी. श्वास सोडला तरी चित्र हलतं. सुईत दोरा ओवण्यात जन्म गेलेल्या बाईला ते जमलं.

"किड्यांचे फोटो काढतेस ते ठीक आहे," आमचे हे म्हणायचे, "पण झुरळ दिसलं की मग ओरडतेस का?"

"झुरळ पोज देत नाही."

एका संध्याकाळी मी सहज टोळाचा फोटो टीव्हीवर लावला. बाबा खुर्चीत होते. त्यांनी मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, आणि म्हणाले, "याच्या मांडीवर माशाच्या काट्यासारखी नक्षी आहे."

दोन वर्षांत त्यांनी कशातलंच इतकं बारीक काही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून रोज जेवणाआधी आमच्या घरात किडे लागायचे. "आज काय आणलंयस?" असं बाबा विचारायचे, जशी काही मी बाजारातून येतेय.

कुंभारीण आली ती त्यांच्याच फितीवर. मोजणीची ती जुनी फीत गोल चामडी डबीत असते, आणि ती डबी गॅलरीत त्यांच्या खुर्चीच्या वर खिळ्याला टांगलेली. माशी बारीक कमरेची, काळी-पिवळी. डबीच्या पाठीवर तिने मातीची पहिली खोली बांधली. माती दाबताना ती एक बारीक गुणगुण करते. बाबांनी ती आधी ऐकली, मी नंतर पाहिली.

"गवंडीणबाई आल्यात," ते म्हणाले. "आज सव्वीस खेपा. मधे एक मोठी सुट्टी घेतली. आपल्या गवंड्यांपेक्षा बरी."

तिचं काम असं. मातीची खोली करायची, त्यात हिरव्या अळ्या बेशुद्ध करून आणून ठेवायच्या, अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. आतलं पोर अळ्या खातं, वाढतं, आणि महिन्याभराने लिंपण कुरतडून बाहेर येतं. तीन खोल्या झाल्या. चौथी बांधून झाली, अळ्या भरून झाल्या, फक्त दार लिंपायचं राहिलं. बाबांना तोच फोटो हवा होता. "दार लावतानाचा काढ. मला बघायचंय ती कडा कशी जुळवते." मग बोट वर करून, "पण डबीला हात लावायचा नाही हं. खूण हलली की मोजणी बुडाली."

"नाही लावणार."

तेवढ्यात आमच्या कॅमेरा क्लबच्या प्रदर्शनाची मुदत आली. त्या दिवशी सकाळी हे बाबांना केस कापायला घेऊन गेले होते. खिळ्यापाशी सावली होती, आणि फ्लॅश मारला की माशी नव्या पातेल्यासारखी चमकत होती. कठड्यावर मात्र कोवळं ऊन होतं. चार पावलांवर. माशी माती आणायला गेली होती. मी डबी खिळ्यावरून काढली आणि कठड्याला टांगली. म्हटलं, चार पावलं तर आहेत. आपलं घर तिला दिसणार नाही का?

नाही दिसलं. ती आली ती सरळ खिळ्यापाशी. तोंडात माती घेऊन तिथेच तरंगत राहिली. जरा मागे यायची, पुन्हा पुढे व्हायची. मी काय केलं? डबी पटकन जागेवर ठेवायला हवी होती. मी फोटो काढले. अकरा. मग डबी जागेवर नेली, पण माझ्या धांदलीने माशी उडाली. मातीची गोळी गॅलरीच्या फरशीवर पडलेली मला नंतर सापडली. बाई काही परत आली नाही.

बाबा केस कापून आले, डोकं चकचकीत, स्वारी खूश. "लावलं का दार?"

"लावतेय," मी म्हणाले.

दुपारी ते झोपले तेव्हा मी ती पडलेली गोळी भिजवली. सुकल्यावर तडकेल, म्हणून त्यात चार थेंब डिंक घातला. काडीने चौथ्या खोलीचं तोंड लिंपलं. कडा अशी जुळवली की फोटोत मलाच ओळखू येईना. आतला जीव मला डाचत नव्हता, कारण माझ्या हिशेबी आत जीव नव्हताच. आधी शिधा भरायचा, मग अंडं, मग दार, असा माझा समज. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. संसारी बाईचं डोकं, आधी घरात दाणागोटा आणि मग पाळणा. स्वतःचं स्वतः शिकण्यात एक खोट असते. जे चुकीचं शिकलो तेही आपल्याला पाठ असतं.

संध्याकाळी त्या लिंपलेल्या दाराचा फोटो टीव्हीवर लावला. बाबांनी मान वाकडी करून खूप वेळ पाहिला.

"वा," ते म्हणाले. "शेवटचं दार जरा जाड लावलंय बाईने. दमली असेल."

मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

महिना गेला. पहिल्या तीन खोल्यांना एकेक गोल भोक पडलं. एकीतून बाहेर येणारी माशी मी फोटोत पकडली, ती ओली आणि चिडलेली होती. बाबांनी आल्यागेल्या प्रत्येकाला तो फोटो दाखवला. मग एका सकाळी मी डबा भरून, चप्पल पायात घालून दारात असताना त्यांनी गॅलरीतून हाक मारली.

"अगं सूनबाई, चौथ्या खोलीत कोणीतरी खरवडतंय."

"काही नाही हो बाबा."

"इकडे ये, कान लाव."

त्या दिवशी सकाळी दहाच्या आत एका गिऱ्हाइकाचे सात गणवेश द्यायचे होते. आणि आत काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. ते दार मीच तर लावलं होतं.

"बाबा, तुमचे कान वाजतायत," मी म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशीही ते म्हणाले. "जोरात चाललंय. दार जाड आहे म्हणून वेळ लागतोय बघ."

"कान वाजतायत, बाबा. या वयात वाजतात."

तिसऱ्या दिवशी ते काही म्हणाले नाहीत. रात्री जेवताना मीच विचारलं, "काय, थांबला का आवाज?"

"थांबला," ते म्हणाले.

यांनी ते ऐकलं, काळजीने बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम, पण काहींना नसलेले आवाज ऐकू येतात, मनाला लावून घेऊ नका. थेंब दिले. बाबांनी ते निमूट घातले. पण त्यानंतर काहीतरी बदललं. बेल वाजली की ते विचारायला लागले, "बेल वाजली का गं, की माझंच?" कुकरची शिट्टी झाली तरी तेच. नवी माशी गॅलरीत येऊन गुणगुणली, तर त्यांनी खेपा मोजल्या नाहीत. मी म्हटलं, "बाबा, आल्या की हो गवंडीणबाई!" ते म्हणाले, "हो का? तू म्हणतेस तर असतील."

मला वाटलं, वय झालं. आपण केलेलं काही दिसू नये म्हणून वय फार उपयोगी पडतं. दुसऱ्याचं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी क्लबवाल्यांचा फोन आला. बक्षीस मिळालेल्या फोटोसोबत माशीच्या घराची आतून-बाहेरून चित्रं लावायची आहेत, मिळतील का? त्या रविवारी हे बाहेर गेले होते, बाबा आतल्या खोलीत पडले होते. मी डबी काढून जेवणाच्या टेबलावर घेतली. तीन रिकाम्या खोल्यांचे फोटो झाले. चौथीचं माझं झाकण उसवणीने हळूच उचकटलं. शिलाई उसवायची ती छोटी दुहेरी टोकाची सुई. इतर खोल्यांची माती भुरभुर सुटत होती. माझं झाकण सुटलं ते अखंड, कोटाच्या बटणासारखं.

आत ती होती. पूर्ण. काळी-पिवळी, बारीक कमरेची, पंख पाठीवर नीट घडी केलेले, कधीच न उलगडलेले. डोकं वर, दाराला टेकलेलं.

मी झाकण उलटं करून लेन्सखाली धरलं. डिंकाने माती काचेसारखी झाली होती, आणि तिच्यावर आतून ओरखडे होते. पांढरे, बारीक, एकावर एक, सगळे मधोमध. मधोमध तिने बशीसारखा खळगा पाडला होता. आणखी दोन दिवस मिळाले असते तर, किंवा मी चार थेंबांऐवजी दोन घातले असते तर. किंवा त्या दिवशी चप्पल काढून आत येऊन कान लावला असता तर. एका नखाचं काम होतं.

मी किती वेळ बसले ते माहीत नाही. आधी मला वाटलं की सगळं परत चिकटवून डबी खिळ्याला लावावी. कोणाला कळलं असतं? क्लबला तीन खोल्या पुरल्या असत्या. पण आतून बाबांचा आवाज आला, "अगं, कुकर झाला का, की माझंच?"

कुकर झाला होता. केव्हाच.

मी झाकण बशीत घेऊन त्यांच्याकडे गेले. पलंगाच्या कडेला बसले. सगळं सांगितलं. कठडा, ऊन, अकरा फोटो, डिंक. बक्षिसाचंही. शेवटी म्हणाले, "बाबा, तुमचे कान वाजत नव्हते. ती खरवडत होती."

ते माझ्या कानाकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तीन दिवस," ते म्हणाले.

"हो."

"तिसऱ्या दिवशी फार हळू येत होता आवाज. मी म्हटलं, बरं वाटतंय कानाला." "आम्हाला शिकवलं होतं, शंका आली की पुन्हा मोजायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर नकाशा बदलायचा नाही. मी उठून बोट लावायला हवं होतं. तू म्हणालीस, आणि मी सोडून दिलं."

"तुमची काय चूक, बाबा?"

"तुझीच आहे," ते म्हणाले. "मी माझी सांगतोय."

मी बशी हातात धरून बसले.

"त्याचा फोटो काढलास?"

"नाही."

"काढ. टीव्हीवर लाव."

"कशाला, बाबा?"

"मला बघायचंय तिने किती काम केलं ते."

पुस्तकांच्या ढिगावर कॅमेरा टेकवून काढला. झाकणाची आतली बाजू टीव्हीभर पसरली, एखाद्या कोरड्या तळ्यासारखी. बाबा खुर्चीत येऊन बसले. त्यांनी मान वाकडी केली, आणखी वाकडी केली.

"रेघा दिसतायत. पण मधल्या मला लागत नाहीत," ते म्हणाले. "तू मोज."

मी टीव्हीजवळ गेले आणि बोटाने एकेक रेघ दाखवत मोजायला लागले. एक. दोन. तीन.

"सावकाश. एकावर एक असतील त्या वेगळ्या धर."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकोणीसपर्यंत आले होते, तेव्हा हे परत आले असावेत.

"बेल वाजली," बाबा म्हणाले.

मी वळले.

"वाजू दे. तू मोज."